उजवा कोपरा

यासीननं सीडी शर्टाच्या टोकानं तिसऱ्यांदा पुसली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि खिशातली काळी भिंगाची नळी डोळ्याला लावून ती पुन्हा एकदा तपासली. भिंगातून सीडीतलं काही दिसत नाही, हे जन्मभर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवं. ठाऊक होतंच. पण मागची चकती उघडून आत डोकावल्याशिवाय त्यानं आजवर कशावरही भरवसा ठेवला नव्हता. निकाहची बोलणी चालू असतानाही त्यानं होणाऱ्या सासऱ्यांचं मनगटी घड्याळ मागून घेतलं होतं आणि ते दिवसाला किती मागे पडतं ते पाहूनच हो म्हटलं होतं.

"अब्बा, द्या ना ती आता," यूम्ना म्हणाली. "लॅपटॉपला लावून बघू दे. ऐन वेळी अडकली तर माझं काही खरं नाही."

"अडकणार नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"दोनशे वेळा पाहिलीय."

त्यानं सीडी तिच्या हातात दिली, पण बोटं सोडायला विसरला. तिला ती जराशी ओढूनच घ्यावी लागली.

पळस्पे फाट्याच्या अलीकडे असलेल्या त्या गोदामात एका बाजूला पत्र्याचा आडोसा करून ट्रेनिंगचा हॉल केला होता. माल हलवणाऱ्या गाड्यांसाठी जमिनीवर आखलेले पिवळे पट्टे हॉलमध्येही तसेच आले होते, आणि खुर्च्या त्यांच्या आत मांडल्या होत्या. यूम्ना इथे आठ महिन्यांपूर्वी लागली होती आणि अजून कायम झाली नव्हती. मोठ्या साहेबांनी विमानात बसल्या बसल्या कुठेतरी वाचलं होतं, की नेतृत्व शिकावं ते खेळातल्या कप्तानांकडून. त्यांना क्रिकेटचा कप्तान हवा होता. क्रिकेटच्या कप्तानांनी फोन उचलले नाहीत. तेव्हा यूम्नानं बिचकत सांगितलं, की माझ्या वडिलांचा एक कप्तान आहे, कबड्डीचा, मोऱ्याच्या कोळीवाड्यातला; त्याची एक गोष्ट अख्ख्या उरणात सांगतात.

ती गोष्ट आता दाराशी लावलेल्या फलकावर छापली होती. त्र्याण्णव सालचा फेब्रुवारी. खाडीपलीकडच्या गावात अंतिम सामना. दोन्ही बाजूंचे एकवीस एकवीस गुण आणि शेवटची चढाई. पलीकडचा महादेव आत आला, वाकून हात मारला आणि मागे पळाला. कुणाला लागलं, लागलं की नाही, पंचांना काहीच दिसलं नव्हतं. तेवढ्यात, कुणी विचारायच्या आत, मोऱ्याच्या कप्तानानं, कमळाकरनं, स्वतःचा हात वर केला आणि मैदानाबाहेर चालू लागला. मला लागलं. गुण गेला, ढाल गेली. कमळाकरचा आपल्या गड्यांना नियमच होता: अंगाला लागलं की हात वर, पंचाची वाट बघायची नाही. जिंकलेल्या गावानं हरलेल्या कप्तानाला खांद्यावर घेऊन नाचवलं. ही गोष्ट आता शाळांतून सांगतात आणि दर वर्षी तीत बघ्यांची गर्दी हजारभरानं वाढते. या वर्षीच्या हिशेबानं त्या मैदानात अलिबागसकट सगळा जिल्हा उभा होता.

गोष्ट खोटी आहे हे फक्त यासीनला ठाऊक होतं.

त्या सामन्यात तो उजव्या कोपऱ्याला होता आणि साखळीत त्याचा हात कमळाकरच्या हातात होता. महादेवची बोटं कप्तानापासून हातभर लांब होती. यासीननं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तरी कमळाकरनं त्याचा हात सोडला. जिंकत आलेल्या सामन्यात, शेवटच्या क्षणी, हातातला हात सोडून तो निघून गेला. न लागलेला माणूस बाहेर का जातो? यासीननं या प्रश्नाची मागची चकती अठरा वर्षांत पुष्कळ वेळा उघडली होती आणि दर वेळी आत एकच काटा सापडला होता. कप्तानानं सामना विकला.

पुरावे होते. सामन्याच्या सकाळी पलीकडच्या संघाचा कप्तान काशीराम मोऱ्याच्या जेट्टीवर आला होता. तो आणि कमळाकर जाळ्यांच्या ढिगामागे डोक्याला डोकं लावून बोलत होते, आणि यासीनला पाहताच गप्प झाले. सामन्यानंतर महिनाभरात कमळाकरच्या होडीला नवंकोरं इंजिन बसलं. पुढच्या हंगामाला त्यानं कप्तानी सोडली. आणि ती पट्टी. आदल्या दिवशी यासीनचा पाय मुरगळला होता. कमळाकरनं आंबेहळदीचा जाड लेप दिला, स्वतःची जुनी पांढरी लुंगी फाडली, आणि घोट्यापासून पोटरीपर्यंत इतके वेढे घातले की पाय आपला आहे की जेट्टीचा खांब हेच कळेना. तेव्हा ती माया वाटली होती. नंतर वाटू लागलं, की आपल्याला पळता येऊ नये म्हणून तर नाही?

एवढ्या वर्षांत तो तोंडानं काही बोलला नाही. उरणचं मामांचं दुकान सोडून पनवेलला आला, बाजारात घड्याळदुरुस्तीची स्वतःची पेटी मांडली. कमळाकर लग्नाकार्यात भेटे, दर ईदेला सुके बोंबील पाठवी. यासीन ते घेई आणि बायकोला, हाजराला, दोनदा धुवायला सांगे. मग मागच्या वर्षी त्याच्या भाच्यानं, नावेदनं, कुणाच्या तरी माळ्यावरून त्या सामन्याची व्हिडिओ कॅसेट शोधून काढली आणि तिची सीडी करून दिली. तेव्हापासून दुपारी दुकान बंद करून यासीन घरी येई, "परत तीच मॅच?" हे ऐकावं लागू नये म्हणून टीव्हीचा आवाज बंद करी, आणि शेवटची चढाई पुन्हा पुन्हा लावी. दर वेळी तेच दिसे. कमळाकरला कुणी हात लावत नव्हतं.

"मामू, टीव्ही चारी बाजूंनी चित्राची कड खातो," नावेद एकदा म्हणाला होता. "कॉम्प्युटरवर बघा, पूर्ण दिसेल."

"मला मधलं बघायचंय, कड नाही," यासीननं सांगितलं होतं.

आज ते मधलं साठ माणसांना दिसणार होतं, भिंतीएवढं.

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि कमळाकर आत येण्याआधी त्याचा वास आत आला. त्याच्या काखेत वर्तमानपत्राचं मोठं पुडकं होतं. पन्नाशी उलटली तरी चालताना पाय अजून मैदानात असल्यासारखे फाकत. कोळीवाड्यातल्या कुणाचा तरी कोट त्यानं अंगात चढवला होता; तो खांद्यांत पुरत नव्हता.

"यासीन," तो म्हणाला. "म्हातारा झालास रं."

"तू नाही झालास?"

"मी कप्तान हाय. माझं सगळ्यात शेवटी." त्यानं पुडकं पुढे केलं. "हाजरावैनींना दे. आमच्या गुणाबायनं स्वतः वाळवलेत."

यासीननं पुडकं दोन बोटांनी घेतलं आणि खुर्चीखाली सरकवलं. ईदेला अजून महिना होता. आजच का, हे त्यानं मनात नोंदवून ठेवलं.

"काका, नमस्ते," यूम्ना पुढे आली. "आधी तुम्ही बोला, मग आपण मॅचची क्लिप दाखवू. शेवटची चढाई. अब्बांनी सीडी आणलीय."

कमळाकर कोटाचं बटण लावत होता. त्याचा हात थांबला.

"कसली सीडी?"

"फायनलची. कॅसेटवरून करून घेतलीय."

"ती हाय अजून?" त्यानं यासीनकडे पाहिलं आणि लगेच नजर बाजूला घेतली. "व्हिडिओ कशाला, पोरी? मी सांगतो ना तोंडानं. मी बोलतो ते व्हिडिओपेक्षा मोठं असतं."

"साहेबांना आवडेल, काका."

"मशीन बिघाडली तर?"

"नाही बिघडणार."

"लाइट गेली तर?"

"जनरेटर आहे."

कमळाकर पुन्हा कोटाकडे वळला. बटण मात्र भलत्याच काजात गेलं. यासीननं ते पाहिलं आणि त्याच्या छातीत एखाद्या जुन्या घड्याळाला अचानक चावी बसावी तसं काहीतरी झालं. घाबरलाय, त्याला वाटलं. अठरा वर्षांनी का होईना.

हॉल भरला. मोठे साहेब पहिल्या रांगेत बसले. यासीन तिसऱ्या रांगेत कडेला बसला. त्याच्या शेजारी कुंदन नावाचा गोदामाचा सुपरवायझर वही उघडून बसला होता. त्यानं आधीच पानावर एक ते दहा आकडे घालून ठेवले होते.

कमळाकरनं माइक हातात घेतला. कोलंबीला धरतात तसा, दोन बोटांत.

"साहेब लोक, मला लीडरशिप येत नाय," त्यानं सुरुवात केली. "मला कबड्डी येते. पयला धडा लिवा. कप्तानानं सगळ्यांच्या शेवटी जेवावं."

पेनं चालू झाली. मोठ्या साहेबांनी मान डोलावली.

"कारण तळाला रस्सा घट्ट असतो."

मागच्या रांगा हसल्या. कुंदननं 'शेवटी जेवावे' लिहिलं होतं, त्यापुढे कंसात 'रस्सा' लिहिलं.

"दुसरा. कप्तानानं दम राखावा. मी तरुण होतो तवा मोऱ्यापासून भाऊच्या धक्क्यापर्यंत एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत गेलोय. खोटं वाटंल. उरणात कुणालाबी विचारा."

"पोहत, सर?" कुणीतरी विचारलं.

"लाँचमधी बसून. पण दम एकच."

या वेळी मोठे साहेबही हसले. पडद्याशी उभ्या असलेल्या यूम्नाचे खांदे सैल झाले. आठ महिन्यांत तिचे खांदे असे खाली आलेले यासीननं पाहिले नव्हते. त्याला क्षणभर वाटलं, की उठून सीडी परत मागावी. पण समोर तो माणूस उभा होता, साठ माणसांना खिशात घालून, आणि त्याच्या डोक्यामागे दुसऱ्या फलकावर छापलं होतं, पंचाच्या आधी हात वर करणारा.

"लोक काय काय बोलतात," कमळाकर सांगत होता. "मी सामना हरलो, वर माझ्या होडीला नवीन इंजिन बसलं. लोक बोलले, कमळ्यानं काय विकलं? आरं, इंजिन सासऱ्यानं दिलं. गुणाबाय म्हायेरी जाऊन बसली होती, बोलली, जुन्या इंजिनाच्या होडीवाल्याकडं जाणार नाय. सासरा बोलला, इंजिन देतो, पण हिला घेऊन जा. तिसरा धडा, कप्तानाला सासरा चांगला पायजे."

हॉल हसत होता. यासीन हसला नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस का देतो? इंजिनाचं त्यानं स्वतःहून काढलं होतं, आणि ते काढताना त्याची नजर तिसऱ्या रांगेच्या कडेवरून फिरून गेली होती.

"आता आपण तो क्षण पाहू या," यूम्नानं सांगितलं आणि दिवे मालवले.

भिंतीवर ते मैदान उघडलं. कॅमेरा मोऱ्याच्या संघाच्या मागे, मंडपाच्या स्टेजवर होता, त्यामुळे बचाव करणाऱ्या गड्यांच्या पाठी आणि टाचा दिसत होत्या. धूळ, बल्बांच्या माळा, आणि पत्र्याच्या कर्ण्यातून समालोचकाचा फाटका आवाज. महादेव रेषा ओलांडून आला. कॅमेरा त्याच्यावर आणि मधल्या गड्यांवर होता. तो डावीकडे झुकला, मग एकदम उजवीकडे वळून बसल्यासारखा वाकला, हात लांबवला आणि पळाला. कमळाकरचा हात वर गेला.

यासीन पडद्याकडे पाहतच नव्हता. त्याला चित्र पाठ होतं. तो कमळाकरकडे पाहत होता. पडद्याच्या उजेडात कप्तानाचा चेहरा दिसत होता, आणि कप्तानही पडद्याकडे पाहत नव्हता. तो यासीनकडे पाहत होता. मधेच त्याची नजर पडद्याच्या उजव्या कडेला जाई आणि चटका बसल्यासारखी परत यासीनवर येई.

टाळ्या झाल्या. त्या विरल्यावर यासीनच्या शेजारी कुंदनचा हात वर झाला.

"सर, एक विचारू? राग नका मानू. तुम्हाला तर त्याचा हात लागलेला दिसतच नाही."

 कुणीतरी मागे कुजबुजलं. मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. यूम्नानं वडिलांकडे पाहिलं, आणि यासीननं आपले हात मांडीवर पालथे ठेवले. अठरा वर्षं तो ज्या प्रश्नाची वाट पाहत होता तो दुसऱ्याच कुणीतरी विचारला होता, आणि त्याला स्वतःला बोटही हलवावं लागलं नव्हतं.

"लागलं ना," कमळाकर म्हणाला. "केसाला लागलं. तवा मला केस होते. कानावरून हे असे खाली." त्यानं टकलावरून हात खांद्यापर्यंत आणला.

थोडे हसले. कुंदन हसला नाही. तो मालाची पेटी उघडून मोजल्याशिवाय पावतीवर सही न करणारा माणूस होता. यासीनला तो आवडू लागला होता.

"मॅडम, परत लावता का? जरा हळू?"

"कशाला परत?" कमळाकर चटकन म्हणाला. "चौथा धडा राह्यलाय. चौथा धडा लय भारी हाय."

"लाव, यूम्ना," मोठे साहेब म्हणाले. "आवाजही वाढव. नीट बघू या."

तिनं पुन्हा लावलं, हळू गतीनं. सगळा हॉल पुढे झुकून पडद्याच्या मधोमध पाहू लागला, कमळाकरच्या पाठीकडे, केसांकडे. यासीननं या खेपेला मान वळवली. कप्तानाची नजर जिथे जाऊन भाजत होती तिथे त्यानं पाहिलं. उजव्या कडेला.

घरच्या टीव्हीवर तिथे त्याचा खांदा आणि साखळीतला हात एवढंच दिसे. पुढे चौकट लागे. इथे चौकट सरकली होती. इथे तो सगळा होता, तरुण, बारीक, आणि त्याच्या उजव्या पायावर लुंगीची ती पांढरी पट्टी. शेवटच्या वेढ्याचं टोक सुटून मातीवर लोळत होतं. महादेवचा हात सावकाश, फार सावकाश आला, पट्टीवर घोट्यापाशी टेकला, आणि मागे जाताना त्याच्या बोटांत ते टोक अडकलं. टोक उडालं आणि पुन्हा खाली पडलं.

तरुण यासीनचा पाय हललासुद्धा नाही. त्याला काही कळलंच नव्हतं. अंगावरच्या कपड्याला लागलं तरी ते लागलंच, हे त्याला शिकवलं होतं कमळाकरनं.

आणि मग आवाज आला. गती हळू केल्यामुळे तो खोल, ओढल्यासारखा झाला होता, इतरांना ती नुसती घरघर होती, पण त्या मैदानात उभं राहिलेल्याला शब्द कळत होते. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, स्टेजखाली उभा असलेला कुणीतरी म्हणत होता, त्याच्या पायाला लागलं बघ. लपवतोय. दुसरा म्हणाला, त्यांची जातच तसली. तिसऱ्यानं फक्त एवढंच म्हटलं, पंच काय बोलतो बघू, मग घेऊ याला. आणि खुर्च्या सरकल्याचा आवाज.

त्या हिवाळ्यात मुंबईच्या दंगलींत जे पेटलं होतं त्याचा धूर खाडीवरून इकडेही आला होता. लाँचवर माणसं ओळखीच्या माणसाशेजारीही जरा विचार करून बसत. संघात तसलं काही नव्हतं, म्हणून यासीननं त्याचा आणि सामन्याचा कधी संबंध जोडला नव्हता. जाळ्यांच्या ढिगामागे काशीराम त्या सकाळी काय सांगत होता, ते त्याला आत्ता, पळस्प्याच्या गोदामात, अठरा वर्षं उशिरा ऐकू आलं. आमच्या पोरांचं काही खरं नाय, कमळाकर. तुझ्या कोपऱ्याला जप.

पडद्यावर कप्तान मान खाली घालून त्या पट्टीकडे पाहत होता. मग त्यानं वर, स्टेजकडे पाहिलं. मग यासीनचा हात सोडला आणि स्वतःचा वर केला.

यूम्नानं चित्र तिथेच थांबवलं.

"छे," कुंदन म्हणाला. "केसालाही नाही, सर. मग लागलं कुणाला?"

"केसालाच," कमळाकर म्हणाला. "तुमच्या मशिनीत केस येत नायत, त्याला मी काय करू? मी सांगतो ना. तवा वारा होता, केस उडाला आन..."

तो एवढं वाईट खोटं कधी बोलला नव्हता. मोऱ्यात कुणी ऐकलं असतं तर शरमेनं मान खाली घातली असती.

यासीन उठला. त्याचा उजवा हात वर होता.

"अब्बा?" यूम्ना म्हणाली. "तुम्हाला काही विचारायचंय?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. हात तसाच ठेवून तो रांगेतून बाहेर निघाला. कुंदननं गुडघे आखडून वाट दिली. यासीनच्या डाव्या काखेत बोंबलांचं पुडकं होतं. खुर्चीखालून ते त्यानं कधी उचललं हे त्यालाही कळलं नसावं. पिवळ्या पट्ट्यापाशी तो क्षणभर थांबला. मग पट्टा ओलांडून पलीकडे पत्र्याशी जाऊन उभा राहिला, आत तोंड करून, बाद झालेला गडी उभा राहतो तसा.

हॉलमध्ये कुणाला काही समजलं नाही. यूम्नानं मात्र वडिलांच्या हाताकडे पाहिलं, मग पडद्याच्या उजव्या कडेकडे, आणि लॅपटॉपचं झाकण अलगद मिटलं.

कमळाकरनं माइक टेबलावर ठेवला आणि पिवळ्या पट्ट्यापर्यंत चालत आला. पट्टा त्यानं ओलांडला नाही.

"हात खाली घे," तो हळू म्हणाला. "खांदा दुखंल."

"पट्टी फार जाड बांधली होतीस तू."

"मंग? बांधणाऱ्याचीच चूक ना ती." कमळाकरनं चुकीच्या काजातलं बटण सोडवलं आणि नीट लावलं. "म्हणून तर बांधणारा बाहेर गेला. त्यात काय एवढं."

यासीननं हात खाली घेतला नाही. काखेतलं पुडकं घसरू लागलं होतं, ते त्यानं कोपरानं घट्ट दाबून धरलं. तिसऱ्या रांगेत कुंदननं वहीतल्या चार आकड्यावर पेन टेकवलं, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि काय लिहावं ते न सुचून पेन तसंच धरून बसला.